न कळलेल्यांची डबी

लग्नानंतरच्या पहिल्या लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी देवघराच्या फडताळातून एक पितळी डबी काढून माझ्यापुढे ठेवली. ‘‘एवढे लक्ष्मीचे पैसे तेवढे घासून टाक गं.’’ डबीत राणीछाप दोन रुपये, एक भोकाचा पैसा आणि तांब्याचे अकरा जाड, वेडेवाकडे, काळपट-हिरवे तुकडे होते. सासर दौंड तालुक्यातलं, भीमेकाठचं. माहेर शिरूरचं. तांब्याची भांडी कशी घासायची हे माहेरहून शिकून आलेलेच होते. चिंचेचा कोळ, जाडं मीठ, वरून चुलीतली राख. अर्ध्या तासात अकराच्या अकरा लखलखायला लागले. सासूबाई खूश झाल्या. मीही.

त्यानंतर सतरा-अठरा वर्षांनी ती डबी घेऊन मी दौंडला एका काकांकडे गेले. रेल्वेतून निवृत्त झालेले, घरात दोनच माणसं आणि शिवराया साडेनऊशे. त्यांनी पहिलं नाणं चिमटीत धरलं, तिरकं केलं, टॉर्चचा उजेड बाजूने टाकला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘हे कुणी केलं?’’

मी गप्प.

‘‘इथं दोन रेघा असाव्यात. ‘श्री’ आणि ‘राजा’च्या मधे. एक थोडीशी दिसतीय, दुसरी चिंचेनं खाल्ली. दुदांडी होती का साधी, आता कसं सांगायचं?’’

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जात राहिले. हा लेख त्या येण्याजाण्यातून झाला आहे. यात मोलाची नाणी फारशी नाहीत. जुन्या बाजारात साध्या थाळीच्या पैशांत मिळणारी, घरोघरी देव्हाऱ्यात पडलेली, लहान मुलाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली शिवराईच आहे. पण ती एकसारखी नाही. ती किती प्रकारे वेगळी आहे, हे बघायला लागलं की माणूस सुटत नाही.

*

शिवराईचं वर्णन दोन ओळींत होतं. एका बाजूला तीन ओळी, श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला दोन, छत्र, पति. भोवती ठिपक्यांची माळ. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या काळापासून हा पैसा सुरू झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई, दोघांवर हीच अक्षरं. होन आज हाताच्या बोटांवर मोजावेत इतके उरले आहेत. शिवराई मात्र पोत्याने होती. महाराजांच्या मागेही ती पाडली जात राहिली, छत्रपती सातारला गेले तरी आणि कारभार पुण्याला पेशव्यांकडे गेला तरी.

यातली एक गंमत शाळेत कुणी सांगितली नव्हती. पेशवाईतला चांदीचा रुपया बघा. अंकुश खूण असलेला पुण्याचा अंकुशी रुपया घ्या. त्यावर फारसी मजकूर आहे आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं. शाहआलम दिल्लीत आंधळा होऊन बसला होता तरी त्याच्या नावाचा रुपया पुण्यात पडत होता, कारण सावकाराला, हुंडीवाल्याला, परमुलखातल्या व्यापाऱ्याला तोच ओळखीचा होता. तांब्याचा पैसा परमुलखात जातच नसे. मीठ, तेल, भाजी, सुपारी यांच्या देवघेवीत तो गावातल्या गावात फिरायचा. त्यावर नागरीत शिवाजी महाराजांचं नाव राहिलं. म्हणजे श्रीमंताच्या कमरेच्या कसणीत बादशहा आणि बाजारकरणीच्या ओच्यात महाराज. पुढे १८३५ च्या कायद्याने कंपनीने सगळ्या हिंदुस्थानाला एक नाणं दिलं. त्या पाव आण्यावर इंग्रजी होतं, नागरी नव्हती. आमच्याकडच्या लोकांनी शिवराई एवढ्या सहजी का सोडली नाही, याचं एक कारण मला यात दिसतं. दुसरं कारण साधं, पैसा जड होता. पाव आणा भरायचा साडेसहा ग्रॅमच्या आत, चांगली शिवराई त्याच्या दीडपट. तांबं ते तांबं.

*

आता प्रकार. काकांकडे ‘व्हरायटी’ हाच शब्द चालतो. नाणी जमवणारे सगळे तोच वापरतात, ठशाला ‘डाय’ म्हणतात.

पहिला फरक शुद्धलेखनाचा. ‘शिव’ची वेलांटी ऱ्हस्व आहे की दीर्घ? ‘शि’ आहे की ‘सि’? म्हणजे शिव, शीव, सिव, सीव असे चार इथेच झाले. मागच्या बाजूला ‘पति’ आणि ‘पती’. चार दुणे आठ. नवखा माणूस इथे हसतो आणि म्हणतो, टाकसाळीत अशुद्ध लिहायचे. मीही हसले होते. काकांनी त्यावर एक मोडीतलं जुनं खत पुढे केलं आणि विचारलं, ‘‘यात ऱ्हस्व वेलांटी दाखव.’’ नव्हतीच. मोडीत वेलांटीचा ऱ्हस्व-दीर्घ भेद कुणी पाळत नसे. ज्या माणसाचा हात रोज मोडीवर चालतो, त्याने कागदावर नागरीत ‘शिव’ लिहून दिलं तर तो ‘शीव’ लिहिणारच. आणि ‘सिव’चं म्हणाल, तर माझी शिरूरची आजी मरेपर्यंत ‘सिवराई’च म्हणायची. ती चूक नव्हती, तिची जीभ होती.

दुसरा फरक त्याहून बारीक. ठसा कोरणाऱ्याला अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते नाण्यावर सुलट उमटतं. लिहिता-वाचता येणाऱ्यालाही हे सोपं नाही. ठसे कोरणारे बहुतेक सोनार-तांबट. त्यांना ‘त्र’ हे अक्षर नव्हतं, एक आकृती होती. समोरच्या नमुन्यावरून आकृती उतरवायची, तो ठसा झिजला की त्याच्यावरून पुढची. अशी नकलेची नक्कल दहा-वीस वेळा झाल्यावर ‘श्री’ची गाठ सुटते, ‘जा’चा काना दांडीपासून तुटून वेगळा उभा राहतो, ‘छ’ला कुणी एक वेटोळं देतो कुणी दोन. वाचता येणाऱ्या डोळ्याला हे दिसतच नाही. आपण ‘छत्रपती’ वाचून मोकळे होतो. काकांनी मला पहिला धडा दिला तो हाच, की नाणं उलटं धर. खालचं वर. म्हणजे वाचता येत नाही, आणि मग दिसायला लागतं.

तिसरा फरक खुणांचा. पुढच्या काळातल्या काही नाण्यांवर अक्षरांच्या जोडीला बारीक चिन्हं येतात, सूर्य-चंद्र, त्रिशूळ, बेलपान. बेलपानाची शिवराई जमवणाऱ्यांत चांगली प्रसिद्ध आहे. आणि ओळींच्या मधे दोन आडव्या समांतर रेघा मारलेली ती दुदांडी, उत्तर काळातली. माझी चिंचेत गेली ती बहुधा हीच.

याच्याशिवाय नाव बदललेली नाणी आहेत. संभाजी महाराजांच्या काळातलं ‘श्री राजा शंभु’, राजारामांचं ‘श्री राजा राम’, आणि शाहूंच्या नावाचं. ही विरळा. त्यांच्यासाठी लोक वेडे होतात, पैसा मोजतात, आणि बनावटही यांचीच निघते.

या सगळ्याचा पहिला नीट हिशेब एका अमेरिकन पाद्र्याने मांडला, हे आपल्याला थोडं लागायला हरकत नाही. जस्टिन ॲबट. पुढे तुकाराम, बहिणाबाई, महिपती यांची इंग्रजी भाषांतरं करून नावाजलेले तेच. अमेरिकन मराठी मिशनचे. या मिशनचं ठाणं नगरला होतं, तसं आमच्या शिरूरलाही होतं. एकोणिसावं शतक संपत आलं असताना ॲबटसाहेबांनी सुमारे पंचवीस हजार शिवराया नजरेखालून घातल्या, त्यांतून दीडशेच्या आसपास प्रकार वेगळे काढले, आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात निबंध लिहिला. पंचवीस हजार! तांब्याचं वजनच अडीचशे किलोच्या आसपास भरेल. हे त्यांना जमलं कारण तेव्हा शिवराई पुरातत्त्वाची वस्तू झाली नव्हती, सराफाकडे आणि बाजारात पडलेली होती. आज कुणी एवढी एका जागी बघू शकणार नाही. पुढे १९८९ मध्ये के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं मराठ्यांच्या टाकसाळी व नाण्यांवरचं पुस्तक आलं, नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेकडून. काकांची प्रत खिळखिळी झाली आहे, पाठीला इलेक्ट्रिकची काळी पट्टी लावलेली.

*

पण एवढे प्रकार झालेच कसे?

उत्तर न्यायमूर्ती रानड्यांनी देऊन ठेवलं आहे. १८९९ साली त्यांनी मराठ्यांच्या चलनावर आणि टाकसाळींवर निबंध वाचला, तो पेशवे दप्तरातल्या कागदांवरून. त्यातून दिसतं की टाकसाळ ही आपण समजतो तशी सरकारी इमारत नव्हती. तो मक्ता होता. नागोठण्याला, रेवदंड्याला अशा सनदा १७४४ मध्ये दिल्या गेल्या. वर्षाला सरकारात अमुक रक्कम भरायची आणि ठरल्या वजनाचा पैसा पाडायचा. तिथं वजन दहा मासे ठरलेलं. पुढे १७८२ च्या सुमारास वाई-सातारच्या सनदेत ते साडेनऊ मासे झालं.

मासा म्हणजे तोळ्याचा बारावा भाग, साधारण ०.९७ ग्रॅम. म्हणजे दहा माशांचा पैसा ९.७ ग्रॅमचा, साडेनऊचा ९.२. सुरुवातीच्या रायगडी शिवराया मात्र ११ ते १३ ग्रॅमच्या सापडतात, म्हणजे तोळ्याच्या अलीकडे-पलीकडे. शंभर-सव्वाशे वर्षांत पैशाने आपल्या अंगातलं चतुर्थांश तांबं गमावलं. मक्तेदाराचा नफा तिथंच होता. तांबं विकत घ्यायचं, पैसे पाडायचे, मधला फरक आपला. तांबं बरंच बाहेरून यायचं. डच लोक जपानचं तांबं आणून विकायचे, नंतर इंग्रजांचं विलायती तांबं आलं. आपल्या देव्हाऱ्यातल्या शिवराईचं तांबं कुठल्या डोंगरातलं आहे, हे विचारून बघावं असं मला फार वाटतं.

काकांकडे सराफी डिजिटल काटा आहे. प्रत्येक नाण्याचं वजन दशांशापर्यंत चिठ्ठीवर. पण वजनावरून उडी मारणाऱ्यांवर ते चिडतात. ‘‘तेरा ग्रॅम भरलं की झालं, महाराजांच्या हातचं! अरे, त्या टाकसाळीत प्रत्येक चकती तोलून घेत होते का? जाड चकती आली, जड पडलं.’’ त्यांचं खरं आहे. आणि उलटही खरं. शंभर वर्षं झिजलेली अस्सल शिवराई नऊवर येते. वजन, अक्षर, माळेच्या ठिपक्यांचा आकार आणि चकतीची कड, चौघांनी एकच साक्ष दिली तर बोलावं.

एवढ्या ठिकाणी, एवढ्या मक्तेदारांकडे, एवढ्या सोनारांनी, एकच पाच ओळींचा मजकूर दीडशे वर्षं कोरला. प्रकार दीडशेच कसे निघाले, हाच खरा प्रश्न आहे.

*

शिरूरला मोडीच्या भांड्यांचं एक दुकान आहे, तिथं काका महिन्यातून एकदा जातात. दौंडहून चौफुला, पारगावचा भीमेवरचा पूल, न्हावरा, मग शिरूर. एकदा मीही गेले. पोतं ओतलं की आधी दुकानदार लोहचुंबक फिरवतो, लोखंड बाजूला निघतं. मग पितळ, कासं, तांबं. तळाला बुडं गेलेले तांबे, फुटक्या घंगाळाचे कान, ताम्हनाचे तुकडे आणि त्यात केव्हातरी काळी चकती. दुकानदार वजनावर देत नाही आता, त्यालाही कळतं. ‘‘काका, तुमी आल्यापासून मला धंदा कळाया लागला,’’ असं म्हणून हसतो. पण आधी काकांना दाखवतो, मग पुण्याच्या माणसाला.

चुंबकावरून आठवलं. दौंडच्या भीमेवरच्या रेल्वेपुलावरून लोक नदीत नाणी टाकतात. पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडतात. हल्लीचा पोलादी रुपया चटकन चिकटून वर येतो. शिवराई चिकटत नाही. तिला तळाशी निवांत पडून राहायची सवय आहे. ती वर आली ती वाळूवाल्यांच्या चाळणीत.

शिरूरच्या पोत्यात एक गोष्ट काकांच्या लक्षात आली होती. इथं मिळणाऱ्या नाण्यांत प्रकारांची खिचडी फार. दौंडकडच्या एखाद्या गावातल्या एकाच घरची दहा नाणी बघितली तर त्यातली सहा-सात एकाच हातची निघतात. शिरूरला दहातली दहा वेगळी. याचं कारण माझ्या मते छावणी. घोडनदीच्या काठी इंग्रजांची फौज पेशवाईतच येऊन बसली होती. कोरेगावला लढलेली स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहूनच निघाली. पुढे पूना हॉर्सचं बिऱ्हाड इथं होतं. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला आमचे लोक सत्पुरुष म्हणून नैवेद्य दाखवायचे, इतकी ही छावणी अंगवळणी पडली होती. शिपायाला पगार रुपयात. बाजार करायचा तांब्यात. म्हणजे दर महिन्याला शेकडो रुपये सराफाच्या पेढीवर मोडले जाणार. सराफ पैसा आणणार कुठून? पुणे, नगर, जुन्नर, सातारा, जिथून मिळेल तिथून. छावणीचा बाजार म्हणजे पैशांची जत्रा. हा माझा तर्क आहे, पण पोतं त्याच्या बाजूने बोलतं.

दौंडची गोष्ट निराळी. तिथं जुन्या मालात पाव आणा जास्त, आणि तो रेल्वेचा. १८७६ च्या दुष्काळात दौंड-मनमाड लोहमार्गाचं मातीकाम दुष्काळी काम म्हणून निघालं. सर रिचर्ड टेंपलने मजुरी कापली ती गड्याला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा इतकी. अर्धा आणा म्हणजे पाव आण्याची दोन नाणी. रोज संध्याकाळी माणसामागे निदान दोन तांब्याच्या चकत्या. काकांच्या एका डबीत १८६२ पासूनचे, राणीचं तोंड पूर्ण झिजलेले तेरा पाव आणे आहेत. ते कुणालाच दाखवण्यासारखे नाहीत. कुठलीच व्हरायटी नाही. तरी ते टाकत नाहीत.

*

आता जरा बारीक कामाकडे. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे एका नाण्यावर सगळा मजकूर क्वचितच येतो. कुठं ‘श्री’ गेलेली, कुठं ‘व’, कुठं डावीकडची माळ. एकट्या नाण्याकडे बघून ठसा कळत नाही. म्हणून काका बटरपेपरवर चित्र काढतात. नाण्याचा दुप्पट मोठा फोटो, त्यावर बटरपेपर, आणि दिसतं तेवढंच पेन्सिलीने. अंदाजाने एक ठिपकाही पुरा करायचा नाही. असे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचे. एका कागदावरचा ‘जा’ दुसऱ्यावरच्या ‘जा’वर चपखल बसला, की एकाची गेलेली ‘श्री’ दुसऱ्याकडून मिळते, तिसऱ्याकडून ‘व’. सात नाण्यांच्या सात अर्धवट साक्षींतून एक अख्खा ठसा उभा राहिलेला मी त्या काचेवर पाहिला आहे. तो धातूचा ठसा केव्हाच वितळून कुणाच्या तरी घागरीत गेला असेल.

यातून आणखी पुढे जाता येतं. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, वरचा हातात धरून त्यावर घण. घण वरच्यावर बसतो म्हणून वरचा लवकर फुटतो. मग खालचा तोच आणि वरचा नवा. काही दिवसांनी खालचाही बदलतो, तेव्हा वरचा तोच असतो. अशी साखळी होते. पुढची बाजू निराळी पण मागची तंतोतंत एक, अशी दोन नाणी मिळाली की समजायचं, दोन्ही एकाच टाकसाळीत, थोड्याच दिवसांच्या अंतराने पडली. शिवराईवर साल नाही, गावाचं नाव नाही. आपल्याला मिळालेला दुवा तो हाच.

नवे लोक फसतात ते वेगळ्या ठिकाणी. घण बसताना ठसा घसरला की दोन ‘श्री’ उमटतात. कडेला चीर जाते. अर्धं नाणं कोरं राहतं. हे सगळं अपघातात मोडतं. ठशात आहे ती व्हरायटी, घणाने झालं ती चूक, आणि खिशात झालं ती झीज. या तिन्हींची गल्लत करून ‘दुर्मिळ, एकमेव’ म्हणून नाणं विकणारे पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी भेटतात. त्यात सगळे लबाड नसतात. कित्येकांना स्वतःलाच तसं वाटत असतं. बनावट मात्र लबाडीच. ओतीव नाण्याच्या अंगावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात, कडेला साच्याचा सांधा घासून काढलेला दिसतो, आणि अक्षराची कड गोलसर, साबणावर कोरल्यासारखी. घणाखाली पडलेल्या नाण्यात धातू वाहिलेला असतो, अक्षराची कड खडी असते. हे एकदा बोटाला कळलं की डोळ्याची गरज पडत नाही.

माझा वाद आहे तो मात्र अस्सल नाणी जमवणाऱ्यांशी, आणि त्यात मीही आले. शिरूर तालुक्यातच इनामगाव आहे. १९६८ पासून पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं घोड नदीकाठी उत्खनन केलं. खापराचा नखाएवढा तुकडा निघाला तरी कुठल्या थरात, कुठल्या घरात, हे लिहून ठेवलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराच्या खापराला आपण तो मान दिला. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या पैशाला देत नाही. एखाद्या घराच्या पायात, शेतात गाडग्यात शंभर शिवराया निघाल्या तर काय होतं? निखात निधीचा १८७८ चा कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. कळवतं कोण? गाडगं आठवड्यात फुटतं. बेलपानाच्या दोन पुण्याला जातात, दुदांडीच्या चार मुंबईला, उरलेल्या चौऱ्याण्णव एकसारख्या म्हणून मोडीत. पण ते शंभर एकत्र होते, कुणाच्या तरी एका हाताने एका दिवशी पुरलेले, हीच तर त्यांची किंमत होती. कुठल्या ठशाबरोबर कुठला ठसा चलनात होता, हे ते गाडगंच सांगू शकलं असतं. निवडून काढलेलं दुर्मिळ नाणं मखमलीवर छान दिसतं, पण ते मुकं असतं.

म्हणून काकांच्या प्रत्येक पाकिटावर पहिली ओळ प्रकाराची नसते, गावाची असते. ‘पाटस, घराचा पाया, ४ पैकी २.’ ‘न्हावरा, मोड.’ ‘भीमा, वाळू, पारगावच्या खाली.’ माझ्या अकरा नाण्यांवरही त्यांनी लिहिलं, ‘लक्ष्मीची डबी, एकत्र, घासलेली.’ शेवटचा शब्द लाल शाईत.

*

गेल्या महिन्यात गेले तेव्हा त्यांनी एक नाणं पुढे ठेवलं. शिरूरच्या पोत्यातलं. वजन १२.१. पुढच्या बाजूला ‘श्री’ ठसठशीत, ‘राजा’ पूर्ण. तिसरी ओळ नाहीच, चकती तिथंच संपलेली. फक्त अगदी खालच्या कडेला, डावीकडे, मोहरीएवढा एक उंचवटा.

‘‘काय आहे ते?’’

मी भिंग लावलं. तिसऱ्या ओळीच्या पहिल्या अक्षराच्या डोक्यावरचं काहीतरी होतं. ते ‘शि’च्या वेलांटीचा माथा असेल तर ही साधी शिवराई, देव्हाऱ्यातल्या हजारोंपैकी एक. आणि तो अनुस्वार असेल, तर अक्षर ‘शं’, आणि हे नाणं संभाजी महाराजांचं. एका ठिपक्यावर सगळं.

‘‘पुण्याच्या माणसाला फोटो गेलाय दुकानातून,’’ काका म्हणाले. ‘‘तो शंभूच म्हणतोय. किंमतही सांगितलीय.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी ठिपका म्हणतोय.’’

त्यांनी नाणं पालथं केलं. मागे ‘छत्र’ आणि अर्धा ‘प’. ‘त्र’ची खालची तिरकी रेघ शेवटी किंचित वर वळलेली, विंचवाच्या नांगीसारखी. ‘‘हा ‘त्र’ माझ्याकडच्या एकावरही नाही. याच ‘त्र’चं दुसरं नाणं मिळू दे, ज्याची पुढची तिसरी ओळ शाबूत आहे. मग बोलू.’’ बटरपेपरवर त्यांनी तो उंचवटा काढला, नुसता ठिपका, ना वर कमान ना खाली रेघ. कागदाची घडी करून नाण्यासकट एका जुन्या डबीत टाकली. त्या डबीवर चिकटपट्टी आहे, तिच्यावर लिहिलंय, ‘न कळलेली’. आत बत्तीस होती. आता तेहेतीस.

घरी आल्यावर रात्री मी लक्ष्मीची डबी काढली. अकराही पालथी घातली, टॉर्च तिरका धरला. नऊंचे ‘त्र’ सरळ शेपटीचे. दोघांचे माझ्या चिंचेने पुसट केलेले, त्यांतल्या एकाची शेपूट वर वळली आहे की तो ओरखडा आहे, मला सांगता येईना. मी कागद घेऊन दिसतं तेवढं काढलं. मग त्या नांगीवाल्या ‘त्र’चा फोटो शिरूरच्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, असं शेपूट दिसलं तर ठेवा, पुढची बाजू कशीही असू दे.

अर्ध्या तासाने उत्तर आलं. ‘ताई दिवाळीची मोड आता सुरू होईल. बायका भांडी बदलत्यात. बघतो. घासू नका म्हणून सांगू का सगळ्यांना.’